जुन्या सायकलीची पारख

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात चांदूर रेल्वे येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या कार्यकारी मंडळाने आजच्या प्रसंगी आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. अशा मेळाव्यात शिक्षणप्रसार, विवाहखर्चास आळा, विद्यार्थ्यांना साह्य इत्यादी विषयांवर अधिकारी वक्ते बोलतच असतात, आणि तसे त्यांनी बोलावे हे युक्तच आहे. आम्ही आज बोलणार आहोत ते मात्र आपल्या वसतिगृहाच्या ओसरीत उभ्या असलेल्या एका जुन्या सायकलीविषयी. विषय क्षुल्लक वाटल्यास आपण क्षमा करावी. परंतु या सायकलीच्या निमित्ताने आमच्या हातून झालेली एक चूक आपल्यासमोर मांडून ती दुरुस्त करणे हे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

आपणांपैकी बहुतेकांना ठाऊक आहे की, ही सायकल आपल्या मंडळाचे आद्य चिटणीस, ज्यांस सारे गाव ‘गुरुजी’ म्हणत असे, त्यांची होय. आठवडाभर शाळा सांभाळून रविवारी ते सायकलीवर निघत आणि मालखेड, मांजरखेड, आमला, घुईखेड अशा गावांतून ज्ञातिबांधवांच्या घरी जाऊन वसतिगृहासाठी धान्य व वर्गणी गोळा करीत. पावसाळ्यात आपल्या वऱ्हाडातील पांदणींची काय अवस्था होते, ते येथे सांगावयास नको. काळ्या मातीचा चिखल चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये असा घट्ट बसतो की, स्वार सायकलीवर बसण्याऐवजी सायकलच स्वाराच्या खांद्यावर बसते. अशा वाटांवरून गुरुजींनी हे वसतिगृह उभे केले. म्हणूनच मंडळाच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेत आम्ही त्या सायकलीवर एक टिपण लिहिले आणि त्यात छातीठोकपणे असे विधान केले की, “१९३८ साली मुंबईहून आणलेली ही इंग्रजी बनावटीची सायकल आजही जशीच्या तशी आहे.” हे विधान खरे नव्हते. ते कसे उमगले, तीच आजची हकीकत होय.

तीन वर्षांपूर्वी आमच्या एका पुतण्याचा मुलगा नोकरीनिमित्त इटलीत तुरीन या शहरी राहावयास गेला. तेथील जुन्या बाजारात त्याने एक दूरच्या प्रवासाची जुनी सायकल पाहिली. मडगार्ड, मागे कॅरिअर, पुढे दिवा, आणि रंग फिकट निळसर-हिरवा. बिआंकी ही मिलान शहरी एदोआर्दो बिआंकी यांनी १८८५ साली स्थापन केलेली पेढी; तिच्या सायकलींचा हा रंग जगप्रसिद्ध आहे. विकणाऱ्याने सांगितले की, सायकल १९६२ सालची असून तिचा एकूण एक भाग मूळचा आहे. मुलाने छायाचित्रे पाठवून आम्हांस विचारले, “आजोबा, हे खरे असेल काय?” आमचा जन्म कासाराच्या घरातला. भांडे हाती घेतल्यावर ते कोणत्या पेठेचे, पत्रा किती जाड, जोड कोणाच्या हातचा, हे वडिलांनी आम्हांस लहानपणीच शिकविले होते. उमेदीची तीस वर्षे आम्ही सायकलींच्या दुकानात घालविली. तेव्हा इटलीची सायकल जन्मात पाहिली नसतानाही आम्ही उत्तर देण्याचे धाडस केले.

येथे प्रथम तीन शब्दांतील भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण सारा घोटाळा तो न केल्यामुळे होतो. एखादा भाग ‘अस्सल’ असतो, म्हणजे तो ज्या कारखान्याचे नाव सांगतो त्याच कारखान्याचा असतो. एखादा भाग ‘समकालीन’ असतो, म्हणजे सायकल ज्या काळी झाली त्याच काळी तोही झालेला असतो. आणि एखादा भाग ‘मूळचा’ असतो, म्हणजे सायकल दुकानातून बाहेर पडली त्या दिवशी तो तिच्यावर होता. जो मूळचा तो अस्सल असावयाचाच. परंतु जो अस्सल तो मूळचा असेलच असे नाही. आजीच्या पेटीतील बिल्वर अस्सल सोन्याचे असतील. पण ते आजीच्या लग्नातले आहेत की मागाहून केलेले आहेत, हा प्रश्न कसोटीच्या दगडावर सुटत नाही.

हा प्रश्न सोडविण्यासाठी पहिला आधार म्हणजे सांगाडा, ज्याला आपण फ्रेम म्हणतो. सायकलीचे चाक बदलते, सीट बदलते, हँडल बदलते. फ्रेम बदलली की मात्र सायकलच दुसरी झाली. म्हणून फ्रेम कोणत्या देशाची, हे आधी ठरवावे. याची एक उत्तम खूण पेडलांच्या मधल्या नळीत असते. या नळीत दोन्ही बाजूंनी कप बसविलेले असतात आणि त्या कपांचे आटे देशपरत्वे भिन्न असतात. इंग्रजी सायकलीत कपाचा व्यास १.३७ इंच असून चेनव्हीलच्या बाजूचा, म्हणजे उजवा, कप उलट्या आट्यांचा असतो. इटलीच्या सायकलीत व्यास ३६ मिलिमीटर, नळीची रुंदी सामान्यतः ७० मिलिमीटर आणि दोन्ही कप सुलट आट्यांचे असतात. पेडल फिरताना उजवा सुलट कप हळूहळू सैल होऊ पाहतो. म्हणून इंग्रजांनी तेथे आटे उलटे ठेवले, तर इटलीच्या कारागिरांनी कप करकचून आवळण्यावर भर दिला. डाव्या पेडलाचे आटे उलटे का, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे लगेच उमजेल. नळीतील आटे सहजासहजी बदलता येत नाहीत. त्यामुळे वरचे नाव कितीही वेळा रंगविले तरी फ्रेम आपला देश लपवू शकत नाही. मुलाने तेथील मिस्त्रीकडून दोन्ही कप उघडवून पाहिले. दोन्ही सुलट निघाले. फ्रेम इटलीची, एवढे निश्चित झाले.

दुसरा आधार रंगाचा. सायकल पुन्हा रंगविणारा मनुष्य दिसणारी जागा रंगवितो. न दिसणारी जागा बहुधा तशीच राहते. सीटची दांडी जेथे फ्रेममध्ये शिरते तो काठ, कॅरिअरच्या पट्टीखालची जागा, नावाच्या बिल्ल्याखालचा भाग, चिमटा काढल्यावर दिसणारी नळीची आतील बाजू या ठिकाणी मूळचा रंग सापडतो. आम्ही मुलास कॅरिअरची पट्टी सोडवून पाहावयास सांगितले. तिच्याखाली राखी रंग निघाला आणि त्यावर कारखान्याने ओढलेली तांबडी रेघ होती. तात्पर्य, तो जगप्रसिद्ध निळसर-हिरवा रंग मागाहून चढविलेला होता आणि सायकल बिआंकीची असल्याचा दुसरा कोणताही पुरावा तिच्यावर नव्हता.

तिसरा आधार भागांवर कोरलेल्या आकड्यांचा. तुल्लिओ कँपान्योलो यांनी १९३३ साली विचेंझा येथे काढलेल्या कारखान्याचे भाग इटलीच्या चांगल्या सायकलींवर सर्वत्र आढळतात. १९६० ते १९७० या दशकाच्या अखेरीपासून पुढे त्यांच्या मागील गिअरच्या भुजेवर ‘पेटंट’ या शब्दापुढे वर्षाचे दोन आकडे उठविलेले असत. इंग्लंडातील स्टर्मी-आर्चर या कारखान्याच्या तीन गतींच्या हबवरही असेच वर्ष कोरलेले असते. येथे तर्क नीट चालविला पाहिजे. भागावरील वर्ष त्या भागाचे असते, सायकलीचे नव्हे. कारखान्यात भाग काही महिने, क्वचित अधिकही, पडून राहतात. म्हणून सायकलीपेक्षा थोडा जुना भाग मूळचा असू शकतो. परंतु सायकलीपेक्षा नवा भाग मूळचा असणे केवळ अशक्य होय. मुलाच्या सायकलीच्या गिअरवर ७३ हा आकडा निघाला. सायकल खरोखर १९६२ ची असेल तर गिअर बदललेला. गिअर मूळचा असेल तर सायकल १९६२ ची नव्हे. विकणाऱ्याची दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असणे शक्यच नव्हते.

चौथा आधार झिजेचा, आणि आमच्या मते तो सर्वांत बोलका. ब्रेकचे रबर ज्या फटीत वरखाली सरकवून आवळतात, ती फट पाहावी. मुलाच्या सायकलीत रबर फटीच्या अगदी खालच्या टोकास होते, पण वॉशरने घासून पडलेला जुना डाग त्याच्या बराच वर होता. म्हणजे पूर्वी या सायकलीला याहून मोठे चाक होते आणि आताची चाके मागाहून बसविलेली आहेत. जेथे एखादी पट्टी अनेक वर्षे आवळलेली असते, तेथे ती काढल्यावरही तिची खूण राहते. माणसाच्या बोटातील अंगठी काढली तरी वळ राहतो, तसेच हे आहे.

हे सारे आम्ही मुलास कळविले. त्याने विकणाऱ्यास राग न आणता विचारले, आणि ज्या किमतीस बिआंकी मिळाली असती तिच्या पाव किमतीस ती सायकल घेतली. तो आज तिच्यावरून कामास जातो. सायकल खोटी नव्हती. तिच्याविषयीचे बोलणे खोटे होते.

सायकलीचे भाग ओळखण्याची ही विद्या केवळ हौशी लोकांची नव्हे. व्हित्तोरिओ दे सीका यांचा ‘बायसिकल थीव्हज’ हा इटलीचा चित्रपट १९४८ साली निघाला आणि १९५२ साली मुंबईस भरलेल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात तो आपल्या देशात दाखविला गेला. त्यात चोरीस गेलेली सायकल शोधावयास बाप-लेक रोमच्या बाजारात जातात. चोर सायकल अखंड विकत नाहीत, भाग सुटे करून विकतात, हे ठाऊक असल्याने ते आणि त्यांचे सोबती चाके, घंट्या आणि फ्रेमा वेगवेगळ्या धुंडाळतात. एक मनुष्य एका फ्रेमीला रंग देत बसलेला दिसतो आणि बाप तिचा क्रमांक दाखविण्याचा आग्रह धरतो. पोलीस येतो, क्रमांक वाचला जातो, आणि तो निराळाच निघतो. त्या गरीब मनुष्याची नोकरी सायकलीवर अवलंबून होती. आपल्या गुरुजींच्या वसतिगृहाचेही तसेच होते.

आता आपल्या सायकलीकडे वळू. गेल्या वर्षी वसतिगृहाचे छत गळू लागले. त्याच सुमारास मोठ्या शहरातील एक संग्राहक गृहस्थ येथे येऊन गेले. जुन्या सायकलींचा शौक हल्ली आपल्याकडेही वाढला आहे. विक्रम पेंडसे यांनी तर २०१७ साली पुण्यास कर्वेनगर भागात सायकलींचे एक संग्रहालयच उघडले. या गृहस्थांनी आमचे रौप्यमहोत्सवी टिपण वाचले होते. सायकल १९३८ ची इंग्रजी आणि भाग मूळचे असल्याचे लेखी पत्र आम्ही दिले, तर छताचा बराचसा खर्च निघेल एवढी रक्कम देण्याची त्यांनी तयारी दर्शविली. कार्यकारी मंडळात दोन पक्ष पडले. एक पक्ष विकण्याचा. दुसरा पक्ष सायकल न विकता तिला नवा रंग देऊन काचेच्या कपाटात ठेवण्याचा. दोन्ही पक्षांनी निर्णयापूर्वी आमचे मत मागितले. आम्हांस वाटले की, पत्र लिहिणे हे घटकेचे काम आहे. तथापि तुरीनचा धडा ताजा होता, म्हणून लिहिण्यापूर्वी आम्ही वसतिगृहातील चार मुलांना सोबत घेऊन ओसरीत सतरंजी अंथरली आणि सायकल उलगडावयास बसलो.

सायकलीच्या पुढील नळीवर बी. एस. ए. चा पितळी बिल्ला आहे. त्यावर तीन बंदुकांची तिकटी आहे. बर्मिंगहॅमची ही पेढी १८६१ साली बंदुका करण्यासाठीच निघाली होती, म्हणून तिचे चिन्ह असे. याच बिल्ल्याच्या जोरावर आम्ही सायकल इंग्रजी ठरविली होती. बिल्ला अस्सल आहे, याविषयी आजही शंका नाही. परंतु बी. एस. ए. च्या त्या काळच्या चेनव्हीलमध्ये ती तीन अक्षरे कापलेली असावयाची, आणि येथे चेनव्हील साधे होते. चेनव्हील बदललेले असेल, अशी आम्ही स्वतःची समजूत घातली. मग मधली नळी उघडली. उजवा कप उलट्या आट्यांचा निघाला. आम्ही हर्षित झालो. पण लगेच ध्यानात आले की, इटलीत जी कसोटी कामास आली ती येथे निरुपयोगी आहे. आपल्या देशातील कारखान्यांनी बहुतांशी इंग्रजी मापेच स्वीकारली होती. तीच गोष्ट ताऱ्यांची. पुढील चाकास ३२ आणि मागील चाकास ४० तारा ही इंग्रजी रीत. इटलीत दोन्ही चाकांस ३६ असतात. आपल्या सायकलीत ३२ आणि ४० होत्या, पण आपल्याकडील साध्या सायकलींतही हीच रीत चालत आली आहे. यावरून एवढेच शिकावयाचे की, एका ठिकाणची कसोटी दुसऱ्या ठिकाणी लावण्यापूर्वी ती तेथे भेद दाखविते की नाही, हे आधी पाहावे.

मग चिमटा काढला आणि बत्ती घेऊन पुढील नळीच्या आत पाहिले. तेथे दोनऐवजी चार भोके दिसली. दोन भोके स्वच्छ, कडा गुळगुळीत, आत मूळचा काळा रंग उतरलेला. ती बाहेरून लांबी भरून बुजविलेली होती. उरलेली दोन, ज्यांत बिल्ल्याचे खिळे होते, ती हाताने पाडलेली. त्यांच्या कडांस आतील बाजूने धातूची किनार उठलेली आणि उघड्या लोखंडावर गंज. पत्र्याला भोक पाडण्यात ज्याची हयात गेली त्याच्या घरातील मुलालाही हा भेद सांगावा लागत नाही. सोबतच्या मुलांपैकी सर्वांत लहान मुलगा आमच्या आधी म्हणाला, “आजोबा, हा बिल्ला इथला नाही.”

त्यानंतर कॅरिअरची पट्टी सोडविली. वरचा काळा रंग, त्याखाली हिरवा, त्याखाली कारखान्याचा काळा आणि सोनेरी रेघ. त्या तळच्या थरावर, फ्रेमच्या उभ्या नळीवर, ‘हिंद’ या नावाची इंग्रजी अक्षरे अर्धवट आणि खाली ‘बॉम्बे’ हा शब्द वाचता आला. हिंद सायकल्स हा कारखाना मुंबईस १९३९ साली निघाला. म्हणजे १९३८ साली ही सायकल अस्तित्वातच नव्हती. सीटच्या पट्ट्याखाली नगरपालिकेचा पत्र्याचा बिल्ला सापडला. सायकलीवरील कर भरला की असा बिल्ला मिळत असे. त्यावर १९५६-५७ हे वर्ष आहे. तेव्हा सायकल त्या वर्षी वापरात होती, यापलीकडे या बिल्ल्यावरून काही म्हणता येत नाही, आणि आम्हीही म्हणत नाही.

बाकीच्या भागांचा हिशेब असा. फ्रेम, चिमटा, हँडलची दांडी आणि ब्रेकच्या सळ्या मूळच्या दिसतात; त्यांवरील झीज एकमेकींशी जुळते. चेनव्हील साधे असल्याने आम्ही त्यावर संशय घेतला होता, पण फ्रेम हिंदची ठरल्यावर तेही मूळचे मानण्यास हरकत उरली नाही. मागील रिम नवी आहे. पेडले दोन भिन्न कारखान्यांची आहेत. सीटचे चामडे दोनदा बदलले असून दुसऱ्या वेळी ते येथीलच मोच्याने शिवले असावे, असे टाक्यांवरून वाटते. पुढील मडगार्ड नाही. त्याच्या सळ्या बसविण्याची भोके मात्र घासून रुंद झालेली आहेत, म्हणजे ते पूर्वी होते. ते का काढले असेल, हे ज्याने श्रावणात घुईखेडची पांदण पाहिली आहे त्याला विचारावे.

बिल्ल्याचे कोडे मात्र सुटत नव्हते. कोणी कोणास फसविण्यासाठी तो लावला होता काय? हा विचार मनात आला, तेव्हा गुरुजींच्या नावाशी तो जोडणे आम्हांस फार जड गेले. शेवटी आम्ही गुरुजींच्या सूनबाईंकडे गेलो. त्यांचे वय आज शहाऐंशीच्या घरात आहे. १९५८ साली त्या या घरात सून म्हणून आल्या. आम्ही बिल्ल्याची गोष्ट काढताच त्या म्हणाल्या, “इंग्रजी सायकल मी काही पाह्यली नाही. ती मामंजींनी आधीच विकली होती. वसतिगृहातल्या पोरांची मॅट्रिकची फी भरायची होती अन् त्या साली कापूस बुडाला होता. सासूबाई सांगत, विकायच्या आदल्या रात्री त्यांनी तेवढा बिल्ला काढून ठेवला. पुढं जुनी देशी सायकल घेतली, तिच्यावर तो लावला. लोकांनी विचारलं तर म्हणत, त्या सायकलीनं पोरं पास केली, तिचं नाव पुसू नये.”

सभ्य स्त्री-पुरुषहो, आम्ही त्या ओसरीत बराच वेळ काही बोललो नाही. आम्ही आमच्या टिपणात गुरुजींच्या सायकलीचा गौरव केला, तो ती इंग्रजी आहे आणि जशीच्या तशी आहे म्हणून. वस्तुतः तिच्यातील गौरवास्पद गोष्ट ही होती की, ती इंग्रजी नव्हती. इंग्रजी सायकल गेली आणि तिच्या जागी ही आली, हाच तर मंडळाचा इतिहास! आमच्या चुकीच्या विधानाने तो झाकला गेला होता; आणि जर आम्ही न तपासता पत्र लिहून दिले असते, तर तो कायमचा पुसला गेला असता.

संग्राहक गृहस्थांस आम्ही सर्व खुलासा कळविला. त्यांनी सौजन्याने आभार मानले आणि आपला विचार रद्द केला. कार्यकारी मंडळातील काही मित्र आमच्यावर नाराज झाले. एकाने असेही सुचविले की, बिल्ला अस्सल आहे एवढेच लिहावे, बाकी लिहू नये. त्यांच्या हेतूविषयी आम्हांस शंका नाही. छत गळते आणि मुलांची अंथरुणे भिजतात, हे त्यांना दिसत होते. परंतु अर्धे सत्य लिहून घेतलेले पैसे गुरुजींच्या वसतिगृहावर खर्च करणे आम्हांस शक्य झाले नाही. आपले वाडवडील पितळेचे भांडे पितळेचे म्हणूनच विकीत आले. त्यांच्या शब्दावर बाजारात माल जात असे, तो याच कारणाने.

दुसऱ्या पक्षासही आमची एक विनंती आहे. सायकलीला नवा रंग देऊ नये. त्या तीन थरांत आणि चार भोकांतच तिचा सारा दाखला आहे. एक डबा रंग त्यावर फासला की तो गेला. गंज वाढू नये म्हणून पातळ तेलाचा हात फिरवावा, चाके जमिनीपासून अधर ठेवावीत, जो भाग काढावा लागेल तो फेकू नये. कापडी पिशवीत चिठ्ठी घालून जपून ठेवावा. इटलीत तोस्काना प्रांतात गायोले येथून १९९७ पासून जुन्या सायकलींची एक यात्रा निघते, तिचे नाव ‘एरोइका’. तीत सामान्यतः १९८७ पूर्वीच्या बनावटीच्या रस्त्यावरील सायकलींनाच प्रवेश असतो. तेथे काळाला साजेसा बदललेला भाग चालतो, कारण चालत्या सायकलीचे भाग झिजतात आणि बदलतात, हे ते लोक जाणतात. बदललेला भाग हा कलंक नव्हे. तो बदललेला आहे हे लपविणे हा कलंक होय. मिलानच्या उत्तरेस कोमो सरोवराजवळ गिझाल्लो येथे एक लहानसे प्रार्थनामंदिर आहे, तेथे थोर सायकलस्वारांच्या सायकली टांगून ठेवल्या आहेत. जीनो बार्ताली यांची सायकल त्यांत आहे. महायुद्धाच्या काळात त्यांनी यहुदी लोकांचे प्राण वाचविण्यासाठी बनावट ओळखपत्रे सायकलीच्या नळीत लपवून नेली, आणि २०१३ साली इस्राएलच्या याद वाशेम या संस्थेने त्यांचा मरणोत्तर गौरव केला. त्या नळीतून काय गेले, हे बाहेरच्या रंगावरून कोणाला कळले असते?

म्हणून आमची सूचना अशी की, सायकल ओसरीतच ठेवावी आणि तिच्याजवळ पुढील मजकुराची पाटी लावावी: ‘गुरुजींची दुसरी सायकल. हिंद, मुंबई. वर्ष निश्चित नाही. १९५६-५७ मध्ये वापरात. पुढील बिल्ला त्यांच्या पहिल्या सायकलीचा. ती सायकल त्यांनी विद्यार्थ्यांच्या परीक्षा-शुल्कासाठी विकली.’ हिंद सायकल्स आणि आसनसोलची सेन-रॅले या दोन कारखान्यांचे १९८० साली कायद्याने राष्ट्रीयीकरण झाले. आज ते दोन्ही चालू नाहीत. त्या कारखान्यांचे उरलेले दाखले आता अशाच ओसऱ्यांत आणि गोठ्यांत आहेत. आपल्या घरी जुनी सायकल असेल तर ती भंगारवाल्यास देण्यापूर्वी एकदा कॅरिअरची पट्टी सोडवून पाहावी आणि घरातील वृद्धांस तिच्याविषयी विचारावे. लोखंड जे सांगत नाही ते म्हातारी माणसे सांगतात. आणि म्हातारी माणसे जे विसरतात ते पुष्कळदा लोखंडावर उरते.

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेतील आमचे विधान आम्ही या व्यासपीठावरून मागे घेतो, आणि या व्याख्यानाचा मजकूर यंदाच्या स्मरणिकेत छापावा, अशी संपादक मंडळास विनंती करतो.

राहता राहिले छत. ते अद्याप गळते. सायकल विकून ते होणार नव्हते, हे आता सिद्ध झाले. तेव्हा ते आपणच केले पाहिजे. मंडपाच्या दाराशी पावतीपुस्तक घेऊन वसतिगृहाचे दोन विद्यार्थी बसले आहेत. गुरुजी मालखेडपासून घुईखेडपर्यंत आपल्या वडिलांच्या दारी आले होते. आज आपण येथे आला आहात, तेव्हा त्या मुलांना सायकल काढावी लागू नये, एवढीच प्रार्थना आहे.